कॉकाटू बेट, सिडनी : तंबू राहू द्या, आधी गोदी बघा

खाडीकाठ

सिडनीला येणाऱ्या पाहुण्यांची यादी ठरलेली असते. ऑपेरा हाऊस, हार्बर ब्रिज, बाँडायचा किनारा, एक दिवस ब्लू माउंटन्स. कॉकाटू बेट त्यात क्वचित येतं, आणि आलंच तर 'तिथे पाण्याकाठी तंबूत राहता येतं म्हणे' एवढ्यासाठी. तंबूंशी माझं वैर नाही. पण या बेटावर सव्वाशे वर्षांहून जास्त काळ जहाजं दुरुस्त झाली, बांधली गेली. ती जिथे बांधली त्या दोन गोद्या, शेड, क्रेन, बोगदे अजून जागच्या जागी आहेत. लोक त्यांच्याकडे पाठ करून पुलाकडे तोंड करतात आणि सेल्फी काढून परततात. म्हणून हा धागा.

पॅरामॅटा आणि लेन कोव्ह या नद्या जिथे एकमेकींना मिळतात तिथे हे बेट आहे. सिडनी हार्बरमधलं सगळ्यात मोठं. मूळचं जेमतेम 13 हेक्टर होतं, भराव टाकून टाकून आता 18 झालंय. मधोमध वालुकाश्माचं पठार आणि भोवती खडक तासून सपाट केलेली पट्टी. वर तुरुंग, खाली कारखाना. एवढं डोक्यात ठेवलं की नकाशाची फारशी गरज लागत नाही.

तुरुंग 1839 सालचा. गव्हर्नर गिप्स यांनी नॉरफक बेटावरचे कैदी इथे आणले. इंग्लंडहून हद्दपार होऊन आल्यावर पुन्हा गुन्हा केलेले, असे बरेचसे. त्यांच्याकडून आधी दगड फोडून घेतला. सर्क्युलर कीच्या धक्क्याला इथला दगड लागलाय, म्हणजे फेरी पकडायला आपण जिथे रांग लावतो तिथेच हे बेट थोडंसं आधी भेटतं. मग धान्यासाठी खडकात सायलो खोदून घेतले. आणि 1847 पासून फिट्झरॉय डॉक, म्हणजे जहाजदुरुस्तीची गोदी.

या डॉकला दहा वर्षं लागली. खडक फोडायचा, समुद्राचं पाणी अडवायचं, आणि मजूर सगळे कैदी, कितीतरी जणांच्या पायांत बेड्या. समोर बालमेनला टॉमस मॉर्ट या व्यापाऱ्याने खाजगी डॉक काढला आणि 1855 मध्ये चालूही केला. सरकारी डॉक पुरा झाला 1857 मध्ये. फुकटची मजुरी शेवटी किती महाग पडते ते बघा! गंमत म्हणजे आज मॉर्टचा डॉक बुजवून त्यावर बाग झालीय, आणि कैद्यांचा डॉक शाबूत आहे.

तिथे गेलात तर काठावर उभं राहून फक्त पाण्याकडे बघू नका. भिंतींकडे बघा. त्या सरळ खाली जात नाहीत, पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात. मूळ खडक जिथे उघडा आहे तिथे टाकीचे घाव अजून दिसतात, तिरपे, एकाखाली एक. काही ठिकाणी ओळीची दिशा मध्येच बदलते. तिथे माणूस बदलला असेल किंवा दिवस संपला असेल.

दुसरा, सदरलंड डॉक, 1882 ते 1890 मधला. तोवर कैदी गेलेले, काम पगारी. तो त्या काळी जगातल्या सर्वांत मोठ्या सुक्या गोद्यांपैकी एक होता.

बाकीचं प्रतिसादांत लिहीन, बोटं दुखली.

भटकभवानी

मस्त लिहिलंयस. वाचनखूण साठवली. मी त्या तंबूवाल्यांतलीच एक. नववर्षाची आतषबाजी बघायला गेले होते. गोदी बाजूने जाताना दिसली होती. पाणी भरलेला मोठा हौद वाटला, खरं सांगते. तो नेमका कसा वापरतात हे कुणी इस्कटून सांगेल का? जहाज आत येतं आणि पाणी कुठे जातं?

नट_बोल्ट

हा प्रश्न माझ्यासाठीच होता असं समजतो. मुंबईत जहाजदुरुस्तीत उमेदीची वर्षं काढली आहेत.

भवानीताई, जहाज आत येतं तेव्हा गोदीत समुद्राइतकंच पाणी असतं, दार उघडं असतं. दार म्हणजे केसॉन. पोकळ लोखंडी पेटी, स्वतः तरंगणारी. ती तोंडाशी आणून तिच्यात पाणी भरलं की खाली खाचेत बसते. मग गोदीतलं पाणी पंपाने बाहेर काढायचं. आतलं पाणी उतरलं की बाहेरचा समुद्र दाराला आतल्या बाजूला दाबून धरतो आणि फट आपोआप आवळली जाते. समुद्रच तुमचा कडी-कोयंडा.

खरी कसोटी जहाज बसवण्याची. तळाला मधोमध लाकडी ठोकळ्यांची रांग लावलेली असते, त्यांना कील ब्लॉक म्हणतात. जहाजाचा कणा नेमका त्या रांगेवर टेकायला हवा. वरून गढूळ पाणी, खालचे ठोकळे दिसत नाहीत, आणि वरती हजारो टन हळूहळू खाली येतंय. डॉकमास्तर दोन्ही बाजूंच्या दोरांनी जहाज इंचाइंचाने सरकवतो, पाणबुडे खाली बघून सांगतात. पोटाकडून गोल असलेलं जहाज कलंडू नये म्हणून बाजूने लाकडी टेकू देत. खाडीकाठ यांनी लिहिलेल्या त्या पायऱ्या त्यासाठी. टेकूचं एक टोक पायरीवर, दुसरं जहाजाच्या अंगाला. शिवाय माणसांना उभं राहून खरवडायला, रंगवायला जागा.

हे डोळ्यांपुढे आणून त्या काठावर उभ्या राहा. मग तो हौद वाटणार नाही.

भटकभवानी

समुद्रच कडी-कोयंडा! हे आवडलं. धन्यवाद काका.

तांबडी_माती

अवांतर, पण राहवत नाही. दगडात खोदलेली गोदी बघायची तर विजयदुर्गजवळ वाघोटन खाडीच्या काठी मराठा आरमाराची आहे. खडक कापून केलेली, आंग्र्यांच्या काळातली मानतात. कॉकाटूच्या आधीची. तिथे ना फेरी, ना फलक, ना ऑडिओ गाइड. गुरं चरतात.

खाडीकाठ

तांबडी_माती, अवांतर अजिबात नाही. वाघोटनवर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देते. फोटो हवेतच.

जुना_सिडनीकर

लेख छान. फक्त कैद्यांवर थांबू नका, पुढचं शतक जास्त मोठं आहे.

1869 मध्ये तुरुंग हलवला. 1871 पासून त्याच इमारतींत मुलींची औद्योगिक शाळा नि सुधारगृह आलं. बेटाचं नावही बदलून बिलोएला केलं, तुरुंगाची बदनामी पुसायला. बहुतेक मुलींचा गुन्हा काय, तर अनाथ असणं किंवा रस्त्यावर सापडणं. इमारती त्याच, कुलपं तीच. फलकांवर या मुलींबद्दल असतं ते थांबून वाचा, कारण गाइडांना दरोडेखोराची गोष्ट सांगायची घाई असते. 1888 मध्ये शाळा गेली आणि तुरुंग परत आला, तो 1908 पर्यंत.

नौदलाचा अध्याय खऱ्या अर्थाने 1913 चा, ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने बेट ताब्यात घेतलं तेव्हापासून. त्याच्या जरा आधी वॉरेगो नावाची विनाशिका इथे जोडली होती. ती स्कॉटलंडमध्ये बांधून, मग सुटी करून, खोक्यांतून आणलेली. उद्देश हा की इथल्या कामगारांचा हात बसावा. पुढे ॲडलेड ही क्रूझर 1915 ला सुरू केली. युद्धामुळे विलायतेहून सुटे भाग येईनात. नौदलात दाखल व्हायला 1922 उजाडलं. लोकांनी तिला 'एच.एम.ए.एस. लाँगडिलेड', म्हणजे 'फार लांबलेली', म्हणायला सुरुवात केली होती.

आणि दुसरं महायुद्ध. 1942 मध्ये सिंगापूर पडलं. मग नैर्ऋत्य पॅसिफिकमध्ये दोस्तांच्या जहाजांना दुरुस्तीसाठी हेच मुख्य ठिकाण उरलं. अमेरिकन क्रूझरसुद्धा इथे येत. क्वीन मेरीसारखं आलिशान प्रवासी जहाज सैन्य वाहण्यासाठी बदलण्याच्या कामातही इथल्या माणसांचा हात होता. पठाराच्या पोटातून आरपार जाणारा वाकडा बोगदा आहे ना, डॉग-लेग टनेल, तो त्या काळात हवाई हल्ल्यापासून आसरा म्हणून वापरला. भर उन्हातून त्यात शिरलात की थंडगार.

कुतूहल_कायम

दरोडेखोराची गोष्ट आम्हाला हवीये की! गाइडांना घाई असते म्हणता, तुम्हीही टाळलीत :)

जुना_सिडनीकर

घ्या. फ्रेडरिक वॉर्ड, पुढे 'कॅप्टन थंडरबोल्ट' म्हणून गाजला. घोडेचोरीच्या प्रकरणात इथे आला आणि सप्टेंबर 1863 मध्ये ब्रिटन आडनावाच्या साथीदाराबरोबर पोहून पळाला. 1870 मध्ये उरालाजवळ पोलिसांच्या गोळीने मेला. त्याची बायको मेरी ॲन बग रात्री पोहत आली, कानस देऊन गेली, असं रंगवून सांगतात. ही मागाहून चिकटवलेली दंतकथा. मेरी ॲन स्वतः मोठी कर्तबगार बाई होती, तिला त्या कानशीची गरज नाही.

मिठागर

मी पठारावरचा भाग निवांत बघितलाय, त्यात भर घालतो.

पहारेकऱ्यांची इमारत छप्पर उडालेली आहे. भिंतींत बंदुकीसाठी अरुंद फटी. तिथून आत बघितलं की रोख कुणावर होता ते कळतं. शत्रूवर नाही, समोरच्या बराकींवर. स्वयंपाकघराच्या खाली 2009 मध्ये उत्खननात एकांतकोठड्या सापडल्या. खडकात कोरलेल्या, अंधाऱ्या. माणूस जेमतेम हलू शकेल एवढ्या.

आणि सायलो. ते बघून मी बायकोला म्हटलं, अगं ही तर आपली पेवं! तोंड अरुंद, पोट फुगीर, हुबेहूब. माझ्या आजोळी अंगणात पेव होतं, त्यामुळे खाली उतरणाऱ्या माणसाचा जीव कसा गुदमरतो ते ऐकून माहीत. इथे कैद्याला वरून सोडायचे नि आतून खडक पोखरायला लावायचे. दुष्काळात धान्य हाताशी असावं हा गिप्सचा विचार. लंडनने मात्र सरकारने धान्याच्या बाजारात लुडबूड करू नये म्हणून साठा विकायला लावला. पुढे त्यांत पाणी साठवलं. एवढ्या हालांनी केलेली कोठारं, आणि ज्यासाठी केली ते काम किती दिवस केलं, तर थोडेच.

भटकभवानी

हे वाचून तंबूत झोपले होते त्याची लाजच वाटायला लागली.

वारा_आला

नेमकं हेच मला विचारायचं होतं. 2010 पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. ऑस्ट्रेलियातल्या 11 कैदी-स्थळांपैकी एक. जिथे माणसांना अंधारकोठडीत ठेवलं तिथे गादी-उशीचे तंबू, सूर्यास्त बघत पेय, लग्नं, फॅशनची शूटिंगं. खटकत नाही कुणाला? आपल्याकडे सेल्युलर जेलच्या आवारात असं कुणी केलं तर रान उठेल.

जुना_सिडनीकर

खटकतं आणि नाहीही. 1991 मध्ये गोदी बंद झाली तेव्हा हे बेट विकून टाकायचा विचार जोरात होता. त्याआधी 1989 मध्ये कामगारांनी बेट सोडायला नकार देऊन 14 आठवडे ठाण मांडलं होतं. तरी गोदी गेलीच. नंतर कितीतरी शेड पाडल्या. 2001 पासून हार्बर ट्रस्ट या सरकारी संस्थेकडे आलं आणि 2007 मध्ये सगळ्यांसाठी उघडलं. खाजगी बंगले उभे राहिले असते तर तुम्ही-आम्ही फेरीतून लांबूनच बघितलं असतं. आज बेटावर उतरायला एक पैसा लागत नाही. तंबू हा त्याचा खर्च आहे असं मी समजतो.

वारा_आला

खर्च निघावा, मान्य. पण ट्रस्टच्या जाहिरातीत आधी तंबू दिसतो, मग देखावा, मग कुठेतरी कैदी. प्राधान्य कशाला हे कळतंच ना. आणि कैद्यांच्याही आधीचे लोक? वारिआमा हे या बेटाचं मूळ नाव. 2000 साली इसाबेल को आणि त्यांच्याबरोबरच्या आदिवासी कार्यकर्त्यांनी इथे तंबू ठोकून जमिनीवर हक्क सांगितला होता. तेही तंबूच. ते हटवले गेले.

खाडीकाठ

वारा_आला, हा मुद्दा पटला. त्या वेळी रंगवलेली भित्तिचित्रं अजून आहेत, पण शोधावी लागतात.

सेल्युलर जेलशी तुलना मला पूर्ण नाही जमत. ते स्मारक म्हणूनच राखलंय. इथे एका जागेवर चार थर आहेत. कैदी, मुली, कामगार, नौदल. कुठल्या थरापुढे मान खाली घालायची आणि कुठल्या थरावर चहा प्यायचा? खाली ॲप्रनवर, म्हणजे त्या सपाट पट्टीवर, जिथे कामगारच डबा खायचे, तिथे कुणी तंबू टाकला तर मला काही वाटत नाही. वर कोठड्यांशेजारी वाढदिवसाचा केक कापताना पाहिलं तेव्हा वाटलं.

वारा_आला

ठीक. खाली-वर ही रेघ मलाही चालेल.

नट_बोल्ट

वादात पडत नाही, पण कामगारांचा थर सगळ्यांत कमी दाखवला जातो हे मात्र नक्की. टर्बाइन शॉपमध्ये गेलात तर वर बघा. ओव्हरहेड क्रेनचे रूळ छतालगत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेत. इमारतीची उंची कुठल्या शोभेसाठी नाही, टर्बाइन उचलून दुसऱ्या मशिनवरून पलीकडे न्यायला लागेल तेवढी. आता तिथे बिएनाले या कलाप्रदर्शनाच्या वेळी चित्रं-शिल्पं मांडतात. चांगलं दिसतं. पण मशिनं पण वाचा, मोठाल्या लेथ अजून आहेत.

आणि मोल्ड लॉफ्ट उघडं असेल तर ते अजिबात सोडू नका. आता जहाजाचा आराखडा संगणकात होतो. तेव्हा तो मोल्ड लॉफ्टच्या लाकडी जमिनीवर काढत, एकास एक मापात. जहाजाच्या एकेका छेदाचा वळसा जमिनीवर रेघेने, त्यावरून लाकडी साचे, साच्यांवरून पोलादी फासळ्या. गुडघ्यांवर रांगत काम करायचं, बूट काढून. त्या रेघा अजून जमिनीत दिसतात, एकमेकींवर चढलेल्या. एका जहाजाचं काम झालं की त्याच फळ्यांवर दुसऱ्याच्या रेघा. हे काम करणाऱ्या लॉफ्ट्समनला आम्ही साहेबापेक्षा मान द्यायचो. त्याची रेघ चुकली तर खालच्या शंभर माणसांचं पोलाद वाया.

कुतूहल_कायम

हे अफाट आहे काका. इथे बांधलेलं एखादं जहाज अजून बघायला मिळतं का?

नट_बोल्ट

मिळतं, आणि सिडनीतच. व्हॅम्पायर. 1956 मध्ये इथेच पाण्यात उतरवलेली डेअरिंग वर्गाची विनाशिका. डार्लिंग हार्बरला ऑस्ट्रेलियन नॅशनल मॅरिटाइम म्युझियममध्ये उभी आहे, आत फिरता येतं. तिची जुळी बहीण व्हॉयेजर हीसुद्धा इथलीच. तिचा शेवट वाईट झाला. 1964 मध्ये मेलबर्न या विमानवाहू नौकेशी टक्कर होऊन बुडाली, 82 माणसं गेली.

म्युझियमच्या धक्क्यालाच ऑन्स्लो ही पाणबुडी आहे. बांधलेली स्कॉटलंडची. पण त्या ओबेरॉन वर्गाच्या पाणबुड्यांची मोठी दुरुस्ती कॉकाटूवर व्हायची. शेवटच्या काळात गोदीचं ते मुख्य काम होतं. बांधलेलं शेवटचं जहाज सक्सेस, नौदलाला समुद्रात इंधन पुरवणारं. 1984 मध्ये पाण्यात उतरवलं. तिथे नवं बांधकाम थांबलं.

पाऊलखुणा_नकोत

धागा वर काढतेय. सासू-सासरे पुण्याहून येताहेत. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, पण जहाजांची भयंकर हौस. त्यांना झेपेल का? मुलगा सात वर्षांचा. खायला काय मिळतं?

खाडीकाठ

झेपेल. सर्क्युलर कीहून एफ 8 ची फेरी. वाटेत बालमेन, वुलिच असे थांबे घेत जाते. इथे यायला ओपल कार्ड (सिडनीचं प्रवासाचं कार्ड) किंवा बँकेचं कार्ड चालतं, बेटाचं वेगळं तिकीट नाही. खालची पट्टी सपाट आहे. दोन्ही गोद्या, टर्बाइन शॉप, बोगदा हे सगळं चढ न चढता होतं. सासऱ्यांना तेवढंच दाखवा, पोटभर होईल. वरच्या तुरुंगाकडे जाणारा रस्ता चढाचा. सासूबाई आणि मुलगा जातील तोवर ते गोदीच्या काठी बसतील. बसायला जागा आहे, सावली मात्र कमी. टोपी, पाणी घ्या. कॅफे असतो, पण त्याच्या भरवशावर जाऊ नका. डबा न्या.

मुलाचा हात गोदीच्या काठाशी सोडू नका. कठडे सगळीकडे सारखे नाहीत.

मिठागर

आणि सीगल! ऑगस्टपासून उन्हाळ्यापर्यंत त्यांची घरटी असतात, अगदी पायवाटेला लागून. पिल्लांजवळ गेलात की डोक्यावर झेपावतात. सासूबाईंना छत्री द्या, उन्हाला पण आणि पक्ष्यांना पण. डबा उघड्यावर खाताना पोळीचा तुकडा हवेत गेला म्हणून समजा.

पाऊलखुणा_नकोत

:) सासूबाई पक्ष्यांना पोळी घालायच्याच मागे लागतील. आधी व्हॅम्पायर दाखवू की आधी बेट?

नट_बोल्ट

बेट आधी. सासरेबुवांना मोल्ड लॉफ्टच्या रेघा बघू देत, मग व्हॅम्पायरवर नेऊन बाहेरच्या पोलादाचा वळसा दाखवा. दोन्ही एका दिवसात कोंबू नका, जहाजावर शिड्या उभ्या आहेत आणि गुडघे त्यांचे आहेत. ते धक्क्यावरूनच बघणार म्हणाले तर तेही चालेल, पण मुलाला पाणबुडीत जरूर न्या. आतले गोल दरवाजे फक्त त्याच्याच उंचीचे आहेत.